गाडी उद्या ने

तांडेलकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. बोरीवलीच्या धक्क्याला गोराईची बोट लागली की ते चाक सोडून कठड्याशी येऊन उभे राहत आणि चढणाऱ्या प्रत्येकाची पावलं निरखत. कुणाची चप्पल नवी आहे आणि चावते आहे, कुणाचा गुडघा कुरकुरतो आहे, कोण घरून भांडून निघालं आहे, हे सगळं त्यांना घोट्याखालीच कळे. एकदा आमच्या शेजारच्या काकूंना त्यांनी चढता चढता सांगितलं, "डावा पाय डाक्टरला दाखवा." काकू रागावल्या. पुढच्या आठवड्यात त्या खरंच डॉक्टरकडे गेल्या आणि येताना त्यांनी तांडेलकाकांसाठी डझनभर केळी आणली.

तांडेल म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस. काकांचं खरं नाव चंद्रकांत, पण ते बहुधा त्यांच्या परवान्यावरच उरलं होतं. मूळचे देवगडकडचे. तरुणपणी गिरणीत लागले. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरच्यांनी कुठे वॉचमनची, कुठे शिपायाची नोकरी धरली. काका पाण्याकडे परतले. बोरीवली आणि गोराई यांच्यामध्ये खाडी आहे. अलीकडे इमारती, सिग्नल, क्लास, मॉल. पलीकडे मात्र अजून गाव. वाड्या, माड, मिठागरं आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावं लागेल असे रस्ते. खाडी ओलांडायला बोटीवर दहा मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात काका तीन जणांना त्यांचं गाव विचारून मोकळे होत.

माणसांबरोबर दुचाक्याही बोटीतून जात. त्यासाठी धक्क्यावरून बोटीवर एक लांब फळी टाकलेली असे. इंजिन बंद करायचं, उतरायचं आणि आपली गाडी आपण ढकलत न्यायची, हा काकांचा नियम. फळीवर ज्याचं पाऊल चुके, त्याच्याजवळ काका जात. कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणत, "गाडी उद्या ने. तू आज जा." किल्ली त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात जाई, गाडी धक्क्यावरच्या जंगली बदामाखाली उभी राही आणि तो माणूस बोटीतून मुकाट पलीकडे उतरे. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा मुलगाच असे. गावात पोरं तेराव्या वर्षी बापाची मोटरसायकल चालवायला शिकत आणि सोळाव्या वर्षी बियर प्यायला. लायसन्स विचारणारं कुणी नव्हतं. बोरीवलीची मुलंही पलीकडे जाऊन तेच करत, कारण तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. दर काही महिन्यांनी कुणाचा तरी हात गळ्यात बांधलेला दिसे.

"काका, तुमचं कुणी गेलंय का असं?" असं लोक हमखास विचारत. म्हणजे त्याशिवाय एखादा माणूस इतकं का मनावर घेईल! काका मालवणीत उसळत. "कोण तरी मेल्याशिवाय शाणपण येवचा नाय, असा खंय लिवलेला आसा?"

माझी आणि त्यांची ओळख झाली तीही याच वाक्याने, गाडी उद्या ने. मी सतरा वर्षांची होते. गोराईत राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या वाडीत तिचा वाढदिवस होता. मी बाबांची स्कूटर घेऊन गेले होते, मागे पूर्वा, माझी शाळेपासूनची मैत्रीण. लायसन्स नव्हतंच. वर्गातल्या मुलांनी बियर आणली होती. मी दोन ग्लास प्यायले आणि दोन ग्लासांनी मला काही होत नाही, हे सगळ्यांना चार वेळा सांगितलं. दुपारी चारच्या सुमारास आम्ही धक्क्यावर परत आलो. वाडीपासून धक्क्यापर्यंत मी स्कूटर कशी आणली ते मला तेव्हाही नीट आठवत नव्हतं. एका वळणावर पूर्वा किंचाळली होती आणि मी हसले होते, एवढंच.

फळीवर मी अगदी ऐटीत चढले. माझ्या मते सरळ चालले. काका जवळ आले.

"गाडी उद्या ने. तू आज जा."

"का? मी काही प्यायलेली नाहीये."

"मी विचारलंच नाही तुला," ते म्हणाले. आवाज तसाच बारीक. "कुठला गाव गो तुमचा?"

"कुडाळ," मी तोऱ्यात म्हणाले.

"मगे आमचाच चेडू तू," काका म्हणाले आणि किल्ली त्यांनी खिशात घातली.

खाडी ओलांडेपर्यंत मी त्यांच्याकडे रागाने बघत राहिले. पूर्वा माझ्याकडे बघतच नव्हती. ती दोन्ही हातांनी बाक धरून बसली होती. बोरीवलीला उतरल्यावर आम्ही बसने घरी गेलो आणि बाबांना मी सांगितलं की स्कूटर पंक्चर झाली, मैत्रिणीकडे ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून पलीकडे गेले. स्कूटर बदामाखाली उभी होती, सीटवर पक्ष्यांनी घाण करू नये म्हणून कुणीतरी गोणपाट टाकलेलं. काकांनी किल्ली दिली. मी खाली मान घालून म्हणाले, "बाबांना सांगाल का तुम्ही?"

"माका खंय माहीत तुझो बापूस? तू सांग."

"ते मारतील."

"मारीत नाय," काका म्हणाले. "सतरा वर्सां वाढवल्यानी, ता मारूक नाय."

मी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून दर रविवारी खाडी ओलांडायला लागले. स्कूटर घरी ठेवून. काकांच्या चाकाशेजारच्या फळकुटावर बसायची मला सवय झाली. ते इंजिनाशी बोलत. "चल, आज सर्दी झाली की काय तुला?" प्रवाशांशी हुज्जत घालत. कुणी घाईघाईने ओरडलं, "काका, सोडा ना आता!" तर म्हणत, "खाडीक भरूक सा तास लागतत. तुका कसली घाई?" मला वाटे, दारूच्या नावाने हा माणूस कानाला खडा लावत असणार. एकदा विचारलंच.

"छे गो! मी काय संत नाय," ते म्हणाले. "शनिवारी बोट बांधलंय काय घेतंय थोडी. पण मगे माझे पाय आणि माझी खाट. मधी काय नाय. चाक नाय, गाडी नाय, खाडी नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पिणाऱ्याक वायट म्हटला काय तो तुझा ऐकणा नाय. आणि तो वायट नसताच."

त्याच वर्षीच्या एका रविवारी काका चुकले. आयुष्यात त्यांनी किती चुका केल्या असतील कोण जाणे, मी पाहिलेली ही एक.

बोटीचे मालक गोराईतलेच. त्यांचा पुतण्या निलेश सोळा-सतरा वर्षांचा, उंच, हसरा, फलंदाज. त्या दिवशी बोरीवलीत कुठल्याशा स्पर्धेची अंतिम मॅच होती आणि गोराईची पोरं जिंकली होती. दुपारी अडीचला निलेश मोटरसायकलवरून धक्क्यावर आला, मागे एक मित्र, मित्राच्या मांडीवर हातभर उंच ट्रॉफी. बोट भरलेली होती. मी माझ्या नेहमीच्या जागी होते. निलेश गाडीवरून उतरला तो एका पायावर आणि दुसरा पाय जमिनीला लागायला वेळ लागला. इतक्या रविवारांनंतर मलाही ते कळलं.

काका उतरून त्याच्यापाशी गेले, कानाशी वाकले. निलेश मोठ्याने हसला.

"ऐका रे ऐका!" तो बोटीकडे वळून ओरडला. "माझ्या काकाच्या बोटीवरचा नोकर मला सांगतोय, गाडी उद्या ने!"

बोटीत एक-दोघे हसले. मी काकांचा चेहरा पाहिला. तो असा लाल झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"नोकर तर नोकर!" काका ओरडले. पहिल्यांदाच. "पण पिलेल्याक मी बोटीत घेवचंय नाय! बघा रे सगळ्यांनी, मालकांचो पुतण्यो बघा! चल, चार पावलां सरळ चालान दाखव! चल!"

निलेश चालायला गेला. का गेला देव जाणे. सोळाव्या वर्षी माणूस अशा हाकेला नाही म्हणत नाही. दुसऱ्याच पावलाला तो झुकला आणि बोटभर लोक खदाखदा हसले. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं, सगळे. निलेशचा चेहरा पडला. त्याने मोटरसायकल धरली, वळवली आणि किक मारली.

"नाय तर नाय. मी रस्त्याने जातो."

गोराईला रस्त्याने जायचं म्हणजे उलटा वळसा. हायवेला लागायचं, दहिसर ओलांडून भाईंदरला जायचं आणि तिथून उत्तनवरून खाली यायचं. रविवार दुपारची रहदारी, ट्रक, डंपर. शुद्धीवर असलेल्यालाही तासावर वेळ लागतो.

"निलेश!" काका धावले. "रे, थांब! ये, गाडी घेवन ये! मी चढवतंय! निलेश!"

ट्रॉफीवाला मित्र उडी मारून उतरला होता, तो तसाच उभा राहिला. मोटरसायकल कांदळवनाच्या कडेने गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. बोटीतलं हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही.

काकांनी धक्क्यावरच्या दुकानातून मालकांना फोन लावला. जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःचं ओरडणंही वगळलं नाही. मालक जीप घेऊन उत्तनच्या बाजूने निघाले. ओहोटी लागली होती, बोट आणखी थांबवता येत नव्हती. काका चाकापाशी आले. मी आणि तो ट्रॉफीवाला मित्र त्यांच्या दोन बाजूंना बसलो. मध्यावर आल्यावर काका म्हणाले, मला की पाण्याला कुणास ठाऊक, "चूक झाली माझी. माका राग इलो. रागान बोललंय. पोर लाजला. लाजलेला माणूस थांबणा नाय."

मी मैत्रिणीकडे गेले नाही. बोटीतच बसून राहिले, तो मित्रही. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. काका कुणाच्याही पायांकडे बघत नव्हते. पलीकडे गेलो की ते गोराईच्या रस्त्याकडे बघत, अलीकडे आलो की धक्क्यावरच्या फोनवाल्या दुकानाकडे. मालकांचा एकदा फोन आला, भाईंदरपर्यंत दिसला नाही म्हणून. काकांच्या हातून त्यानंतर बोट धक्क्याला जरा जोरात लागली. मला एकसारखं ते वळण आठवत होतं, वाडीपासून येताना पूर्वा जिथे किंचाळली होती ते. तेव्हा मी हसले होते. मला पहिल्यांदाच कळलं की त्या दिवशी काही झालं नाही ते माझ्या हुशारीने नव्हे.

पाच वाजायला आले असतील. आम्ही गोराईच्या बाजूला होतो. भाईंदरहून येणारी बस थांब्यावर माणसं सोडून गेली होती आणि त्या माणसांच्या मागून निलेश चालत येत होता. चालतच. कोपर सोललेलं, एका गुडघ्यावर पँट फाटलेली, बाकी सगळा धड.

मित्राने ट्रॉफी तिथेच ठेवली आणि धावत सुटला. काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. निलेश फळीवरून चढून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, एक बाई आडवी आली. भाजीची टोपली होती डोक्यावर. मला दिसलीच नाही. अगदी जवळ आल्यावर दिसली."

"लागला काय तिका?"

"नाही. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली. भाजी सगळी सांडली. तिने मला आधी एक थोबाडीत दिली, मग पाणी दिलं. गाडी तिथेच ठेवून बसने आलो." त्याने काकांची बाही धरली. "काका, तिला काहीच नाही झालं. मी तिला सगळीकडून बघितलं. काहीच नाही झालं."

"मगे रड आता," काका म्हणाले. "रड. बरा आसा."

आणि ते पोर काकांच्या खाकी शर्टात तोंड घालून रडलं. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "माझा चुकला रे. माका माफ कर." साठीकडे झुकलेला माणूस सोळा वर्षांच्या पोराची माफी मागतो आहे, असं दृश्य मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती पाचची बोट सुटायला उशीर झाला, पण सोडा म्हणून कुणी ओरडलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. स्कूटर, बियर, पंक्चरची थाप. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "पूर्वा मागे बसली होती?"

"हो."

ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. पुढच्या रविवारी म्हणाले, "चल, त्या माणसाला भेटायचंय मला." मला वाटलं, आता दोघं मिळून माझी वाट लावणार. पण कुडाळ आणि देवगड एकमेकांना भेटले आणि बांगड्याचं तिखलं खरं कुणाकडचं, यावर दोन तास बोलत बसले. माझा विषयही निघाला नाही. निघताना बाबांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडायचं विसरले, इतकंच.

मालक काकांना काढून टाकतील असं गावात सगळे धरून चालले होते. मालक सोमवारी सकाळी धक्क्यावर आले. तोवर त्यांची गाडी नेहमी कुणीतरी चढवून देत असे. त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि काकांच्या समोरून फळीवरून स्वतः ढकलत नेली. काढून टाकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

काका त्यानंतर कधीच मोठ्याने बोलले नाहीत. आणखी एक बदल झाला. पूर्वी ते किल्ली घेत आणि चाकाकडे परत जात. आता ते त्या पोराला बरोबर घेऊन जात, चाकाशेजारच्या फळकुटावर बसवत. भाषण नसे. "तुमच्याकडे शेवग्याक शेंगो इल्यो काय?" असलं काहीतरी विचारत. बोट लागली की विचारत, "घराक न्हेवक कोण येतला? फोन लाव." पोरं आधी ओशाळत. पुढे पुढे असं झालं की काही पोरं फळीपर्यंत यायच्या आधीच किल्ली पुढे करत आणि म्हणत, "काका, आज उद्या." त्यात निलेशने पाठवलेली बरीच असत. तो काकांच्या हाताखाली बोट शिकायला लागला होता.

डोळे अंधूक झाले तेव्हा काकांना कुणी सांगावं लागलं नाही. एका सकाळी त्यांनी निलेशला चाकाशी उभं केलं आणि स्वतः प्रवाशांत जाऊन बसले. महिन्याभरात गावी जायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी मी निरोप द्यायला गेले तेव्हा नोकरीला लागले होते, मरोळला ऑफिस होतं आणि खिशात खरं लायसन्स होतं. काकांनी ते मागून घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून माझा फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोटो वायट इलो. पण कागद बरो आसा." मग माझा नंबर त्यांनी वहीत मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. चतुर्थीला आणि दिवाळीला त्यांचा फोन येतो. गावातही पोरांच्या हातात मोटरसायकली आल्या आहेत, जत्रेच्या दिवशी फार जीव घाबरतो, असं सांगतात. "हंय खाडी नाय मधी," म्हणतात. "थांबवतलंस कसा?"

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी मी जेवायला बसत होते तेव्हा वेदचा फोन आला. वेद माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, सतरा वर्षांचा. मित्रांबरोबर उत्तनकडे कुणाच्या तरी फार्महाऊसवर गेला होता.

"आत्या, तू येशील का?" तो म्हणाला. "मी बाइक आणलीय. पण मी... आम्ही सगळ्यांनीच थोडी घेतलीय. म्हणजे मला चालवता येईल ना, तसं काही नाही. पण नको वाटतंय."

"तिथेच थांब," मी म्हणाले. "किल्ली कुणाकडे तरी दे. येते मी."

भावाची कार घेऊन गेले. जाताना हायवेवर इतकं हलकं वाटत होतं की मी एकटीच हसत होते. पोरगा फाटकापाशी दगडावर बसला होता, मान खाली घालून. त्याच्याबरोबर आणखी दोघं. तिघांनाही गाडीत घातलं, ज्याचं त्याचं घर गाठलं. वेद वाटेत दोनदा म्हणाला, "आत्या, ओरड ना काहीतरी." मी त्याला विचारलं, तिथे आंब्याची झाडं असतील, त्यांना मोहोर आलाय का. त्याने वेड्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी न राहवून मी देवगडला फोन लावला. सणवार काही नव्हता, त्यामुळे काका आधी घाबरले. मग मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले. वेदने स्वतःहून फोन केला, हे मी दोनदा सांगितलं. मला वाटलं, ते शाबास म्हणतील, निदान माझ्या ओठांवर आलेलं तेच जुनं वाक्य म्हणतील. पलीकडे कोंबडी ओरडत होती. मग काकांनी खाकरून आवाज काढला.

"जेवलो काय तो?" त्यांनी विचारलं.